चुन्याची गोणी आणि नाव घातलेला डबा

भारतीचा फोन आला तेव्हा मी माथेरानच्या हॉटेलांची माहिती काढत बसले होते. ती म्हणाली, माथेरान कुठं पळून जात नाही, आधी माझ्याबरोबर गोडदेवच्या पुढं चल, एक कारखाना बघायचाय. भाईंदरहून भाईंदरलाच सहल. पण भारती पाटील कुणाला उगीच बोलवत नाही.

राईत खाडीजवळ तिची वाडी आहे आणि वाडीत विहीर. मुंबई सोडून आम्ही इकडे आलो तेव्हा पहिली तीन वर्षं तिच्याच घरात भाड्यानं राहिलो. माझ्या लेकीची पहिली आंघोळ त्या विहिरीच्या पाण्यानं झाली. आता ती वाडी स्टीलची भांडी बनवणाऱ्या एका देसाईसाहेबांना हवी होती, ‘फक्त भांडी धुवायला’. कारखाना दाखवून झाला की लगेच कागदावर सही. भारतीचं छप्पर गळतं, मुलगा सही कर म्हणून मागे लागलेला. मला मात्र तो ‘फक्त’ खटकत होता.

सकाळी स्टेशनबाहेरून उत्तनकडे जाणारी बस पकडली आणि राईला उतरले. उन्हाच्या आत पोचा, खाडीचा वारा तेव्हाच बरा असतो. भारतीनं तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी खाऊ घातली, मग आम्ही रिक्षा केली. पूर्वेला जायचं म्हटलं की रिक्षावाले वळसा सांगतात, भाडं आधीच ठरवा. आणि चपला नकोत, बंद बूट घाला. हे मला तिथं पोचल्यावर कळलं.

गोडदेव नाक्याच्या पुढं गाळ्यांच्या रांगा सुरू होतात. पत्र्याचे गोल कापणारी मशीनं, पॉलिशची काळी धूळ, आणि नाकात आंबट, झोंबणारा वास. देसाईसाहेब दारातच उभे होते. पांढरा शर्ट, खिशाला पेन. माझी कॉन्व्हेंटमधली सिस्टर म्हणायची की फार गोड बोलणाऱ्याचे बूट बघावेत. यांचे बूट कोरे होते. ज्याचा कारखाना ओला असतो त्याचे बूट असे राहतात का?

त्यांनी समजावलं छान. पोलादाचा पत्रा भट्टीत तापवला की काळा पडतो. मग तो तेजाबाच्या, म्हणजे ॲसिडच्या टाकीत बुडवायचा, वरचा काळा थर सुटतो, खालून चकाकी येते. नंतर पाण्यानं धुवायचं. धुऊन उरलेल्या त्या पाण्यातलं तेजाब चुना घालून मारायचं आणि मगच ते सोडायचं. एका कोपऱ्यात त्यासाठी निळी टाकी होती, शेजारी चुन्याच्या गोण्यांची भिंतीला लावलेली सुरेख थप्पी.

मी विचारलं, हा पत्रा मुळात येतो कुठून?

“ते लांबचं काम, मॅडम. डोंगर खोदणारे वेगळे, वितळवणारे वेगळे. खरं प्रदूषण तिकडं. आम्ही फक्त चमकवतो.”

पुन्हा ‘फक्त’. एकदा कोकणात जाताना एका खाणीखालचा ओढा मी पाहिला होता, विटेसारखा लाल. काठावरच्या भाताच्या खाचरातही तोच लाल गाळ बसलेला. तिथला माणूस म्हणाला होता, आम्ही फक्त खोदतो.

चहा आला. चहाबरोबर दोन स्टीलचे डबे आले, आमच्यासाठी भेट. झाकणांवर आमची नावं कोरलेली. गेटवर नोंद करायची म्हणून आदल्या दिवशी त्यांनी फोनवर पूर्ण नावं विचारली होती, ती अशी कामाला आली. लग्नातल्या भांड्यांवर आईचं नाव असायचं, त्यामुळे क्षणभर माझा जीव विरघळला. मग वाटलं, भारतीनं अजून हो म्हटलेलं नाही, आणि हिचं नाव यांनी स्टीलवर कोरूनही टाकलं?

भारतीनं डब्याकडं पाहिलंच नाही. ती उठून गोण्यांपाशी गेली. तिच्या सासऱ्यांची मिठागरं होती. समुद्राच्या हवेत गोणी किती दिवस पडून आहे हे तिच्या बोटांना कळतं. तिनं एका गोणीवर बोटाच्या पेरानं टकटक केलं. दार वाजवल्यासारखा आवाज आला. दुसरी गोणी, तिसरी, तीच गत.

“सायेब, चुन्याचा दगड झालाय. कदी वापरता हा?”

“स्टॉक आहे ना, ताई. जुना स्टॉक.”

“मंग नवा कुठं हाय?”

देसाईसाहेबांनी आतल्या कामगाराला हिंदीत हाक मारली आणि तो यायच्या आत स्वतःच आत गेले. एक गोणी कोपऱ्यात फाटलेली होती. शाळेत मी खडूसुद्धा कधी चोरून उचलला नव्हता. त्या दिवशी चुन्याचं मुठीएवढं ढेकूळ उचललं, माझ्या नावाच्या डब्यात टाकलं आणि झाकण लावलं.

ते परत आले ते कागद घेऊनच. नवा माल उद्या येतोय म्हणाले, आणि पेन पुढं केलं. भारतीनं आपला डबा उचलून गोण्यांवर ठेवला.

“अहो, न्या की. नाव घातलंय, आता दुसऱ्या कुणाला देता येणार नाही.”

“नाव माजं हाय,” भारती म्हणाली, “सही न्हाय.”

 परतताना रिक्षा खारी गावापाशी आली तेव्हा भारती एवढंच म्हणाली की या पावसातही छपराला ताडपत्रीच घालावी लागणार.

घरी येऊन मी मांडणीसमोर उभी राहिले. आईची ताटं, लेकीचा शाळेचा डबा, लग्नातले पेले. किती प्रेमानं घासलीत मी ही भांडी. यांतल्या कशाचं पाणी कुठं गेलं, हे आयुष्यात एकदाही विचारलं नव्हतं. संशय घ्यायला मला इतकी वर्षं लागली.

दोन दिवसांनी भारतीचा फोन आला. देसाईसाहेब आता तिच्या शेजारच्या वाडीत टेप लावून मोजणी करतायत. मधे फक्त कुंपण आहे, आणि जमिनीखालचं पाणी काही कुंपण मानत नाही. रविवारी देवळात गावाची बैठक आहे. भारती म्हणाली, तुझा डबा घेऊन ये.

माथेरान राहिलं. रविवारी सकाळच्या बसनं राईला जातेय. डबा पिशवीत आहे, झाकणावर माझं पूर्ण नाव आहे. हा कुणी दिला आणि आत काय आहे, असं कुणी विचारलं तर झाकण उघडून दाखवायचं, एवढंच माझं काम.