सुगंधाचे 'केन्ना'

कोणी तक्रार सांगायला तोंड उघडले की सुगंधा हात वर करायची आणि म्हणायची, "कोणें केलें तें मागीर. केन्ना जालें तें आदीं सांग." 'कोणी' नंतर, आधी 'कधी' ते सांग, हा तिचा नियम. मला तो पहिल्या दिवसापासून खुपला. माझ्याकडे 'कोण' नेहमी तयार असायचा.

धारगळला हमरस्त्यालगत माझे भाजीचे गोदाम आहे. दोडामार्गाहून डोक्यावर मिरचीची पाटी घेऊन आलो, तिथून इथवर. हॉटेलांच्या मागण्या मोबाईलवर घ्यायला लागलो तेव्हा ते सॉफ्टवेअर सुगंधाने करून दिले. ती आमोण्याची. तिचे वडील मांडवीवर खनिजाच्या बार्जवर होते आणि प्रत्येक फेरीची वेळ वहीत लिहायचे. सॉफ्टवेअरही तशीच वही लिहिते, तिला लॉग म्हणतात, हे तिनेच मला सांगितले. कोण किती वाजता कामावर आत आले, कोणी काय दाबले, सगळे ओळीने. त्या ओळी चाळायला तिने एक स्क्रीन लावली होती. मी हसलो होतो. म्हटले, भाजीवाल्याला कसली वही.

मग मागण्या दुप्पट-चौपट जायला लागल्या. एका सकाळी मोरजीच्या एका हॉटेलात चाळीस किलोंच्या जागी एकशेसाठ किलो टोमॅटो उतरले. मॅनेजरने टेंपो परत पाठवला आणि पुन्हा असे झाले तर माल बंद म्हणून कळवले. मागण्या नोंदवायची शेवंती. मी सगळ्या हमालांदेखत तिला बोललो आणि घरी जा म्हणून सांगितले. ती डबा घेऊन निघून गेली.

दुपारी सुगंधा आली. मी शेवंतीच्या नावाने सुरू झालो. तिचा हात वर गेला.

"केन्ना?"

"सकाळी. सातच्या सुमाराक."

तिने स्क्रीनवर मागणीचा नंबर घातला. त्या मागणीच्या सगळ्या ओळी एकाखाली एक उभ्या राहिल्या. सात दहाला शेवंतीने नोंदवली, एकदाच. सात चौदाला 'मंजूर' दाबले गेले, चार वेळा, एकाच मिनिटात, एकाच मोबाईलवरून. प्रत्येक दाबाला नवी मागणी.

"रामदासबाब, हो नंबर कोणाचो?"

नंबर माझा होता. गोदामाच्या पत्र्याखाली नेट सावकाश चालते. बटण हलेना म्हणून मी दाबत राहिलो होतो. दार उघडत नसले की मी असाच ठोकतो.

सुगंधा हसली नाही. "तुमचो राग हांगा वेळासयत बरयला," त्या लिहिलेल्या ओळींवर बोट ठेवून एवढेच म्हणाली. नंतर तिने सॉफ्टवेअर बदलले, कितीही दाबा, एकदाच जाईल असे.

मी हलक्या आवाजात म्हटले, "ह्यो ओळी काढून टाक गो. कोणाक कळतला?"

"बापायच्या वहींत पुसप नाशिल्लें. चुकलें जाल्यार एक रेघ मारप आनी फुडें बरोवप."

"मगे चाराच्या दोन तरी कर."

आता मात्र ती हसली. उभ्या जन्मात मी इतका कमी भाव लावला नव्हता, तरी सौदा झाला नाही. तिने दोन ओळी गाळल्या असत्या तर कोणाचे काय बिघडले असते, हा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

"शेवंतीक सांगतलात?"

"सांगतलंय."

"केन्ना?"

मी टेंपोची किल्ली उचलली.

शेवंतीचे घर पेडण्याला. ती अंगणात कपडे वाळत घालत होती. मी फाटकातच म्हणालो, "शेवंती, बटण मियाच दाबलंय."

"माका खबर आसलें."

"मगे बोललंस कित्याक नाय?"

"तुमी बोलपाक दिलें खंय?" ती म्हणाली आणि बादलीतून पुढचा कपडा काढला. उद्या येशील का, हे विचारायचे धाडस मला झाले नाही.

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम उशिरा निघालो. रिकामी खुर्ची बघायची नव्हती. वाटेत मोबाईल वाजला. सुगंधाचा निरोप होता. नमस्कार नाही, शाबासकी नाही, लॉगमधून उचललेली एक ओळ फक्त: 'सकाळी सात वाजून तीन मिनिटे. शेवंती. आत.'

सुगंधा पुढे बंगळूरला गेली. ती निघाली तेव्हा मी पुष्कळ घासाघीस केली, पण ती थांबली नाही. मोबाईल तीनदा बदलला, पण ती ओळ दर वेळी नव्यात उतरवून घेतली आहे.