पॉलिमरच्या खोलीत

खोक्यांचा तपकिरी कागद करणाऱ्या, अकोल्याजवळच्या एका कारखान्यात मी केमिस्ट आहे. रद्दीच्या लगद्यात पॉलिमर सोडणं हे माझं काम. त्यानं बारीक तंतू जाळीवर धरून राहतात आणि पाणी झपकन निथळतं. ते बंद पडलं की ओला कागद मशीनवर तुटत राहतो. दिसायला साखरेसारखी भुकटी, पण भिजली की भयंकर बुळबुळीत.

त्या दुपारी दर्यापूरला भाचीचा साखरपुडा होता. भुकटी पाण्यात कालवून पॉलिमरची एक टाकी तयार करून निघणार होते. नळ गळून फरशी ओली झालेली मला दिसली नाही. गोणी उचलताना पाय सटकला, भुकटी सांडली आणि मी मनगटावर आपटले.

उठायला गेले, पुन्हा पडले. गुडघे टेकले, तेही सरकले. गळणारं पाणी भुकटी भिजवत होतं. दार समोर सताड उघडं होतं आणि मला तिथवर जाता येत नव्हतं. ओरडले, पण मशीनच्या धडधडीत माझा आवाज मलाच ऐकू येईना. फोन ऑफिसात. तिकडे भाचीची ओटी भरत असतील, या विचारानं रडूच फुटलं.

मग कागद तुटल्याची घंटा वाजली. आधीच्या टाकीतलं पॉलिमर संपलं होतं. आता कोणीतरी येणार, म्हणून मला चक्क आनंद झाला.

मशीनवरचे म्हातारे ऑपरेटर, आम्ही त्यांना चाचा म्हणतो, तणतणतच दारात आले. "मॅडम, पॉलिमर काहून बंद केलं?" मग त्यांनी खाली पाहिलं. "या अल्ला! पडली काय बेटा?"

मागून एक जण पाण्याचा पाइप घेऊन धावला.

"पाणी नको!" मी किंचाळले. "कोरडं काहीतरी टाका!"

चाचांनी बॉयलरपाशी जाळायला ठेवलेलं सोयाबीनचं कुटार, मळणीचा कोरडा भुसा, आणवलं, टोपली टोपली फरशीवर फेकलं. "आता पाय रोव. तो हात राहू दे, हा दे मले."

मी बाहेर आले. तिथं आलेल्या मॅनेजरसाहेबांनी "लागलं का?" विचारलं आणि लगेच म्हणाले, "टाकी कोण करणार?"

"साहेब, हात मोडला हाये तिचा," चाचा म्हणाले.

पण कागद चालू होईपर्यंत दवाखान्यात न्यायला कोणीच मोकळं नव्हतं. स्टुलावर बसून मी सांगत गेले, चाचांनी टाकी भरली. कागद पुन्हा धावू लागल्यावर गाडी निघाली.

दुसऱ्या दिवशी बहीण पेढे घेऊन घरी आली. प्लास्टर बघून म्हणाली, "सोडून दे ते नोकरी."

"अन् जाऊ कुठी? नवऱ्याचं दुकान इथं, पोराची दहावी इथं. या कामाचा दुसरा कारखाना जवळ हाये काय?"

पेढ्याचा तुकडा तिनं माझ्या तोंडात घातला, तो मी कितीतरी वेळ चघळत राहिले. प्लास्टर निघालं आणि मी कामावर रुजू झाले.