उस्तादांचा हात

उस्तादांना उस्ताद ही पदवी कुठल्या शाळेने दिली नव्हती. वेल्डिंगच्या कारखान्यातल्या माणसांनी ती दिली, आणि ती अशी चिकटली की बायकोसुद्धा त्यांच्या माघारी त्यांना उस्तादच म्हणायची. समोर अर्थात ‘अहो’. फुटलेली टाकी असो नाहीतर ट्रकची तुटलेली चौकट, उस्तादांनी जोडलेला सांधा पुन्हा उघडल्याचं कुणाच्या ऐकिवात नव्हतं. माणूस मात्र महाहट्टी. तोंडाला फडकं बांधा म्हटलं की म्हणायचे, “धूर वर जातो, तोंडात कशाला येईल?” धूर वर गेला नाही. तो वर्षानुवर्षं आतच जात राहिला, आणि एके दिवशी फुप्फुसांनी हात टेकले.

आता अंघोळ करून बाहेर आले तरी उस्ताद खुर्चीच्या पाठीला धरून उभे राहायचे. नाकात ऑक्सिजनची नळी कायमची. त्यातून गाव डोंगरावर, तिथली हवा मुळातच विरळ. डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगून टाकलं की ही थंडी यांना इथे काढता येणार नाही, खाली समुद्राकाठी मुलीकडे जाऊन राहा. गोम एकच होती. खाली उतरण्याआधी रस्ता वर चढायचा. खिंड गावाहून बरीच उंच, आणि तिथून जाण्यावाचून दुसरी वाट नव्हती. उस्तादांच्या बायकोने तेव्हापासून त्या खिंडीचा धसका घेतला. ती ओलांडली की नवरा हाती लागला, एवढंच तिच्या डोक्यात पक्कं बसलं.

डॉक्टरीणबाईंच्या सूचना तिने तोंडपाठ केल्या. औषधाचा पंप सामानात टाकायचा नाही, खिशात ठेवायचा. ऑक्सिजन दोनवर, मनाने कमी नाही, मनाने जास्त नाही. बोटाला लावून ऑक्सिजन मोजायचं यंत्र हाताशी ठेवायचं. ओठ निळसर दिसले, माणूस भलतंसलतं बोलायला लागला किंवा अवेळी पेंगायला लागला, तर तिथल्या तिथे गाडी थांबवायची. “थंडीने होत असेल, दमले असतील, अशी स्वतःची समजूत घालू नका,” बाईंनी बजावलं होतं.

प्रवासासाठी दोन छोटे सिलेंडर भाड्याने आणले. देणारा माणूस चावी कशी फिरवायची ते दाखवू लागला, तेव्हा उस्तादांनी त्याला मध्येच तोडलं. “मला शिकवतोस होय? अरे, सिलेंडर उशाला घेऊन आयुष्य गेलं माझं!” त्या बिचाऱ्याने चावी सोडून पावती फाडली. बायकोला मनातून अभिमानच वाटला. कारखान्यात ज्या कामाला इतरांना दोन सिलेंडर लागायचे, ते उस्ताद एकात उरकायचे, हे सगळ्यांना ठाऊक होतं. घरी येऊन तिने सिलेंडरसाठी जाड कापडाची पिशवी शिवली, म्हणजे खांद्याला अडकवता येईल. उस्तादांचा हात जाईल एवढी फट ठेवली आणि शिल्लक ऑक्सिजन दाखवणारा मीटरचा काटा दिसावा म्हणून समोर गोल खिडकी कापली. चावीवरचे आकडे कापडाखाली गेले. तिचं लक्ष सगळं काट्यावर होतं. ऑक्सिजन मध्येच संपला तर, हीच एक भीती तिला खात होती.

बस निघाली तेव्हा आभाळ शिशासारखं होतं. काचा बंद, आत डिझेलचा वास. पुढच्या सीटवरच्या माणसाने सिगारेट काढली, तर तिने त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने ती निमूटपणे खिशात घातली. सकाळभर काटा हळूहळू उतरत गेला. काटा कणभर सरकला की ती पिशवीवर वाकून तो पुन्हा पाहायची. पायाशी दुसरा सिलेंडर होता, पण बस अडकली तर, दरड आली तर, या विचारांना अंत नव्हता.

चहासाठी बस थांबली तेव्हा ड्रायव्हर म्हणाला, “मावशी, आता खरा चढ. काकांना सांभाळा.”

चढ सुरू झाला आणि उस्तादांना धाप लागू लागली. त्यांचा हात पिशवीच्या फटीतून आत गेला आणि मनगट वळलं. तिने पाहिलं, पण पाहून न पाहिल्यासारखं केलं. यंत्रातलं त्यांना कळतं, आपल्याला काय कळतं? थोड्या वेळाने हात पुन्हा आत गेला.

पुढच्या वळणावर तिने काटा पाहिला. होता तिथेच. आणखी दोन वळणांनंतरही तिथेच. तिचा जीव भांड्यात पडला. तिने लगेच मुलीला फोन लावला.

“अगं, काटा हलतच नाहीये! तुझ्या बाबांच्या हाताला बरकतच आहे बघ.”

“बोटाचं यंत्र काय म्हणतंय?” मुलीने विचारलं.

यंत्र म्हणत होतं एकाहत्तर. पण त्या यंत्रावर घरात कुणाचाच विश्वास नव्हता. उस्तादांच्या बोटांची टोकं पोळून पोळून चामड्यासारखी झाली होती. घरीही यंत्र कधी नुसत्या रेघा दाखवायचं, कधी मनाला येईल तो आकडा, आणि दोघं हसायची. तिने आपल्या बोटाला लावून पाहिलं, आकडा चांगला नव्वदच्या वर आला.

“तुझी बोटं लोण्याची,” उस्ताद जड जिभेने म्हणाले. “माझी लोखंडाची. त्याला काय कळणार?”

दोघं हसली. फोनवर मुलगी हसली नाही. ती काही सांगू लागली, तेवढ्यात डोंगर आड आला आणि आवाज तुटला.

मग उस्ताद बोलू लागले. हे जरा नवलच, कारण धापेमुळे ते हल्ली शब्द मोजून वापरायचे. “पत्रा धर,” ते म्हणाले. “नीट धर, हलतोय.”

“कसला पत्रा? अहो, आपण बसमध्ये आहोत.”

“धर म्हणतो ना!” ते खेकसले, आणि मान काचेवर टेकवून पेंगायला लागले.

थंडीने होत असेल, असं तिच्या मनात आलं. दमले असतील. आणि त्याच क्षणी डॉक्टरीणबाईंचा आवाज कानात घुमला तशी ती चरकली. त्यांच्या ओठांचा रंग जांभळाच्या सालीसारखा झाला होता. तिने त्यांना हलवलं, हाका मारल्या. नाकातली नळी काढून आपल्या गालाशी धरली. सकाळी नळी लावताना हवेची गार फुंकर बोटाला लागली होती. आता काही लागत नव्हतं. नळी कुठे दुमडली का, तिने चाचपून पाहिली. सरळ होती. मग तिने स्वतः घातलेले टाके दोन्ही हातांनी ओढून पिशवी फाडली.

चावी शून्यावर होती.

काटा हलत नव्हता, कारण आतून काही बाहेरच येत नव्हतं. कारखान्यातल्या सिलेंडरची चावी उजवीकडे आवळली की गॅस वाढायचा. जन्मभर त्या हाताला तेच माहीत. ही चावी उलटी होती. धाप लागली, की अजून हवी म्हणून त्यांचा हात उजवीकडे वळायचा, आणि वळला की हवा कमी व्हायची. आणि ती शेजारी बसून काट्याचं कौतुक करत होती! तिला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं.

तिने चावी डावीकडे फिरवून दोनवर आणली. बारीक सूं आवाज आला. नळी नाकात घालून ती ओरडली, “गाडी थांबवा!”

ड्रायव्हरने गाडी थांबवली, मागे येऊन पाहिलं. “मावशी, दवाखाना पलीकडच्या पायथ्याला आहे. मागे फिरलो तर जास्त वेळ जाईल. माथा अजून यायचाय. काय करू?”

यंत्र पंचाहत्तर म्हणालं, मग एकोणऐंशी. आता तिचा त्याच्यावर विश्वास होता. “चला,” ती म्हणाली. “पण जपून.”

काही वळणांनी उस्तादांनी डोळे उघडले. कुठे आहोत ते त्यांना उमगलं, बायको ओळखू आली. तिने चावीचं सांगितलं. त्यांनी मान हलवली, समजलं म्हणाले. पुढच्या चढाला धाप लागली आणि त्यांचा हात सरळ चावीवर गेला. तिने तो वरच्या वर धरला.

“अगं, सोड. लोक बघतायत.”

“बघू देत.”

उस्ताद लाजले. इतक्या वर्षांच्या संसारात तिने चारचौघांत त्यांचा हात कधी धरला नव्हता. ते ओशाळं हसले आणि काचेकडे वळून डोळे मिटले. बाहेर धुकं उतरलं होतं, माथा दिसत नव्हता. तिच्या बोटांना मुंग्या आल्या तरी तिने पकड सैल केली नाही. झोपेत त्यांचा श्वास अडखळला की तिच्या मुठीत ते मनगट वळत होतं. दर वेळी उजवीकडेच.