पुंजारामचं नाक

परतवाड्याच्या शालिकराम ठेकेदारानं पुंजारामचं नाक पगारावर ठेवलं होतं. तिकडे साता समुद्रापलीकडे लढाई पेटली आणि इकडे वऱ्हाडात कापसाला सोन्याचा भाव आला. वेचणाऱ्या बायांच्या ओटीतही चांदी खुळखुळू लागली. सरकारनं दारूचा ठेका लिलावात काढला, शालिकरामनं तो घेतला. लग्नाला, मर्तिकाला ज्यानं त्यानं घरी मोहाची गाळावी हा बापजाद्यांचा रिवाज. तो आता गुन्हा झाला.

गल्लीच्या तोंडाशी उभं राहून पुंजाराम भट्टीचं घर सांगायचा. त्याच्यापायी पाच-सहा जण तुरुंगात जाऊन आले. मग बायांनी तोड काढली. तो दिसला की चुलीत मिरच्या पडायच्या आणि दारं लागायची. बायको वारल्यावर तर दिवसचे दिवस त्याच्याशी कुणी बोलत नसे. फार एकटा पडला बिचारा. बिचारा म्हणायला जीभ अडखळते, पण पडला खरा.

त्या मिरच्यांनी म्हणा की जुन्या पडशानं, त्याचं नाक दोन वर्षांपूर्वीच गेलं. मोगरा धरा की शेण, सारखंच. त्यानं शालिकरामला सांगितलं, तर तो हसला. "किसको मालूम है? तू बस घूमता रह." शालिकरामच्या गोदामामागे बिनपरवान्याची भट्टी धडधडत असे. तिचा वास धड नाकाच्या शिपायांनाही कधी आला नाही.

भाऊबिजेला पुंजारामनं नोकरी सोडली आणि बहिणीचं गाव गाठलं. जयवंता ठेवून घेईल, तिच्या मळ्यात वांगी राखू, एवढीच आशा होती. दुसरं घर त्याला नव्हतंच.

अंगणात पाय ठेवला तोच आतून मिरच्यांचा ठसका आला. मागच्या दारानं मेहुणा मडकं घेऊन पळाला.

"जयवंता, मले वासच येत नाही वं," तो खोकत म्हणाला. "दोन वर्सं झाले. नोकरीबी सोडली. आता तुयापाशीच राहीन म्हनतो."

जयवंता उंबऱ्यात आली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, मिरच्यांचं की कशाचं कोण जाणे.

"असं म्हनून घरात शिर म्हून त्या ठेकेदारानंच शिकवलं का रे दादा तुले?"

मग तिनं ताट बाहेर आणलं, त्याला अंगणातच ओवाळलं आणि आत जाऊन कडी लावली.