खाचेचं काय वर्णन करायचं?

आमच्या कंपनीत किस्से शोधावे लागत नाहीत. साहेब ऑफिसात आले की एक तयार होतो, आणि तो सांगून संपायच्या आत दुसरा होतो. परभणीत आम्ही शेतातलं ठिबक चालवणारा डबा बनवतो. डब्यात एक मुख्य बोर्ड, त्यावर सॉकेट, आणि सॉकेटात लागेल तसे छोटे बोर्ड खोचायचे. एखादा मातीतली ओल मोजणारा, एखादा मोबाइल नेटवर्कचा. त्या डब्याचं सॉफ्टवेअर मी लिहिते. साहेब मालक आहेत, आणि त्यांची पात्रता तिथंच संपते.

*

सॉफ्टवेअरला डोळे नसतात. कुठल्या पिनला काय जोडलंय, हे त्याला फाइलीत लिहून द्यावं लागतं. मी म्हणाले, "साहेब, सॉकेटचं वर्णन वेगळं आणि एकदाच लिहू. मुख्य बोर्डानं सांगायचं, माझ्या सॉकेटची तिसरी पिन आत अमुक ठिकाणी जाते. छोट्या बोर्डानं एवढंच म्हणायचं, मला तिसरी पिन द्या. मग कुठलाही बोर्ड कुठल्याही सॉकेटात चालेल."

साहेबांनी सावकाश चहा संपवला.

"मॅडम, सॉकेट म्हणजे खाच. खाचेचं काय वर्णन करायचं? बाहेर प्लास्टिक, आत पोकळ. टाका लिहून."

*

झालं. सॉकेटचं वर्णन राहिलं बाजूला, आणि मी प्रत्येक छोट्या बोर्डाच्या फाइलीत मुख्य बोर्डाच्या आतली जोडणी थेट कोंबली. मग नव्या डब्यात आली दोन सॉकेटं. आमच्या फाइली फक्त डाव्या सॉकेटच्या. उजवीकडे बोर्ड लावला की डबा त्याला ओळखच देईना.

साहेबांनी उपाय काढला. डब्यावर स्टिकर: 'फक्त डावीकडे लावा.'

आठवडाभरात राणीसावरगावहून एका गिऱ्हाइकाचा फोन आला. "डावं म्हणजे माझं डावं का डब्याचं?"

साहेबांनी रिसीव्हर माझ्या हातातून घेतला. "ते तुमी कुठं उभे हायत त्यावर हाय."

 पलीकडून उत्तर आलं, "मी तर बसलोय."

*

एवढं झाल्यावर तरी माझं ऐकतील असं वाटलं होतं. साहेबांनी पुण्याहून कन्सल्टंट आणला.

हे गृहस्थ दिवसभर एसीखाली बसले. त्यांनी प्रत्येक बोर्डासाठी आणि प्रत्येक सॉकेटसाठी जुन्या फाइलीची कॉपी मारली, आकडे बदलले. फाइलींची नावं: फायनल, फायनल-नवीन, फायनल-खरंच. मी विचारलं, "आणि उद्या तिसरं सॉकेट आलं तर?"

"डिझाइन स्केलेबल आहे," ते म्हणाले. "फोल्डर मोठं करा."

साहेब माझ्याकडे वळले. "बघा मॅडम. याला म्हणतात अनुभव."

*

गंगाखेडला आमचा एक टेक्निशियन आहे. त्याला सगळे मास्तर म्हणतात, का ते माहीत नाही, कारण त्यानं कधी काही शिकवलेलं किंवा शिकलेलं कुणी पाहिलं नाही. बोर्ड उलटा बसू नये म्हणून सॉकेटला एका बाजूनं खाच असते आणि बोर्डाला तसाच उंचवटा. मास्तरचा फोन आला, "मॅडम, बोर्ड बसंना गेला होता. आता बसलाय."

"कसा काय?"

"एक टेंगूळ आडवं यायलं होतं. कानशीनं घासून टाकलं."

बोर्ड अर्थातच उलटा बसला आणि जळाला. साहेबांनी हे ऐकलं आणि मीटिंगमध्ये मास्तरचं कौतुक केलं. म्हणाले, "अडचण आली तर हा माणूस रडत बसत नाही."

*

आणि मग ताडकळस.

तिथल्या शेतकऱ्यांच्या एका गटाला बरेच डबे घ्यायचे होते. गटाचे प्रमुख मारोतराव म्हणाले, माझ्या हळदीत चालवून दाखवा, तिथंच ठरवू. ही ऑर्डर गेली असती तर आमच्यातल्या निम्म्यांना घरी बसावं लागलं असतं. त्यामुळे मी जपून होते. मुख्य बोर्ड नव्या डिझाइनचा होता. त्यात हिरव्या दिव्याची पिन आणि पाण्याच्या व्हॉल्व्हची पिन यांची अदलाबदल झाली होती. ओल मोजताना सॉफ्टवेअरनं तो हिरवा दिवा लावायचा असतो. मी नवी फाइल तयार ठेवली. साहेबांनी ती हाणून पाडली.

"डेमोला प्रयोग नको. जुनी फाइल चालायलीय ना? तीच टाका."

"साहेब, जुन्या फाइलीत दिव्याची पिन—"

"दिवा न्हाई लागला तर काय हळद मरणार हाय का?"

ताडकळसला बांधावर माणसं गोळा झाली. साहेबांनी भाषण केलं आणि स्वतः बटण दाबलं. मोजणी चालू झाली. दिवा लागला नाही. जरा वेळानं पडद्यावर आलं: ओल भरपूर. साहेब छाती काढून म्हणाले, "बघा, बरोबर सांगायलंय."

 मारोतराव सरीतून चालत गेले, ठिबकच्या नळीशी वाकले, माती चिमटीत घेतली. परत आले तेव्हा त्यांची बोटं चिखलानं भरली होती.

"साहेब, जमीन सकाळी कोरडी ठण्ण व्हती. तुमचं यंत्र ओल हाय का इचारलं की आधी पाणी सोडतंय, अन् मंग ओल हाय म्हून सांगतंय."

सगळे साहेबांकडे बघायला लागले. मी जमिनीकडे बघत होते. साहेब क्षणभरही अडखळले नाहीत.

"मारोतराव, हे फीचर दुसऱ्या कुठल्याच कंपनीकडं न्हाई."

मारोतरावांनी शांतपणे वायर काढली, उपरण्यानं डबा पुसला आणि साहेबांच्या हातात ठेवला.

"मंग ते तुमच्याकडंच ऱ्हाऊ द्या."