वंदनाचा प्रोग्राम बरोबर होता

हे मी आजवर कुणाजवळ बोललो नाही. बायकोजवळसुद्धा नाही. तुम्ही माझ्या ओळखीचे नाही, म्हणून कदाचित जमेल — तेही शेवटपर्यंत जमेल का, देव जाणे.

लातुरात क्लासेसचं पीक नुकतंच जोमात आलं होतं तेव्हाची गोष्ट. गल्लोगल्ली मेरिटच्या पोरांचे फोटो. मी मूळचा नांदेडचा. अशाच एका क्लासमध्ये संगणक शिकवायचो. आणि मला एक हौस होती — हौस म्हणायचं की मिरवायची खाज? एक छोटी, फुकट मिळणारी संगणकभाषा होती. देशोदेशीची माणसं पगाराविना ती घडवत होती. पण आमच्या संगणकांवर जी ऑपरेटिंग सिस्टिम होती, तिच्यावर ती चालत नव्हती. तिथे ती चालती करायला कुणी आहे का, असं त्यांनी ई-मेलवर विचारलं. मी लगेच हात वर केला.

क्लासचे मालक, म्हणजे आमचे मोठे सर, इतके खूश झाले की त्यांनी दारावर माझ्या नावाचा फलकच लावला. काम अजून अर्धंही झालं नव्हतं.

भाषा सुरू झाली, बेरजा-वजाबाक्या करू लागली. पण अपूर्णांकांचा भागाकार मधूनच चुकायचा. का, ते मला कळेना. भाषेसोबत तपासणीसाठी नमुन्याचे प्रोग्राम यायचे, त्यांची उत्तरंही ठरलेली. तीच उत्तरं आली की काम पास. मग मी काय केलं? — सांगतो. नमुन्यातला प्रश्न दिसला की भागाकार करायचाच नाही, ठरलेलं उत्तर छापायचं, असं मी आत कुठेतरी लिहून ठेवलं. क्लासमध्ये पोरांकडून तरी आम्ही दुसरं काय करून घेत होतो? सगळ्या तपासण्या पास झाल्या. कोडच्या त्या ढिगात कुणाला काही दिसलं नाही. परदेशातून आभाराचा ई-मेल आला, तो मी छापून मोठ्या सरांना दिला.

वंदना आमच्याकडे गणित शिकवायची. औसा तालुक्यातली, भूकंपात पडलेल्या गावची. आई आणि धाकटा भाऊ त्या पहाटे गेले. भूकंपग्रस्ताच्या दाखल्यावर तिला कॉलेजात प्रवेश मिळाला होता, आणि लोक तिला ते विसरू देत नसत. वर्षभराच्या चाचण्यांची टक्केवारी काढून मुलांची क्रमवारी लावणारा प्रोग्राम तिने माझ्या भाषेत लिहिला — कुणी सांगितलं नसताना. यादी लागायच्या आधी ती माझ्याकडे आली. "सर, भागाकारात कुठं कुठं येगळंच यायलंय. भाषेतच तर काही न्हाई ना?"

"जगाने तपासलीय ती," मी म्हणालो. "तुझंच काही चुकत असेल, बघ."

ती बघत बसली. मोठ्या सरांना घाई होती, यादी लागली. पुढची पोरं मागे, मागची पुढे. पालक धावून आले. मोठे सर सगळ्यांदेखत तिला म्हणाले, "दाखल्यावर पास झालेल्यांचं हे असंच असतंय." मी तिच्यापासून हातभर अंतरावर बसलो होतो. नुसतं उठून उभं राहायचं होतं. नाही उठलो.

त्या दिवशी ती घरी गेल्यावर मी तिचा प्रोग्राम वाचला, ओळ न ओळ. चूक नव्हती. फार सुंदर लिहिला होता हो! पुढे मला भागाकाराची चूक सापडली, ती मी गुपचूप दुरुस्त करून पाठवून दिली. तिला कळवलं का? नाही. तोवर ती नोकरी सोडून गेली होती, मग लग्न होऊन भोकरला गेली — पण पत्ता काढायला काय झालं होतं मला? त्या दिवसापासून स्वतःची किळस येते, आणि त्या किळसेचा कुणाला काही उपयोग नाही.

मध्यंतरी भोकरला एका लग्नाला गेलो होतो. तिने मांडवात ओळखलं, आग्रहाने घरी नेलं. मुलगी बारावी झालेली, हुशार. तिला कॉम्प्युटरला जायचं होतं, वंदना नको म्हणत होती. "मी करून बघितलंय गं ते. आपल्या डोक्यातलं न्हाई. उगं लोकांचं वाटोळं होतंय." मग माझ्याकडे हात करून म्हणाली, "सरांना इचार. सर होते की तिथं."

मुलगी माझ्याकडे बघत राहिली. मोठे सर केव्हाच वारलेले, माझी नोकरी संपलेली. आता मला भीती कुणाची होती? — सांगा, कुणाची?

"आईचं ऐक," मी म्हणालो.

मुलगी उठून आत गेली. वंदनाने माझ्या ताटात आणखी एक धपाटं वाढलं, त्यावर दही घातलं. मी ते खाल्लं.