तिनं घातलेली शपथ

मला त्या दिवसाचा अजून राग येतो. बीडच्या दवाखान्यात मी खाटेवर पडलेलो, हाताला सलाईन, हृदयाच्या नळीत नुकताच स्टेंट टाकलेला, आणि बायको कानाशी वाकून म्हणाली, "तुमाला माझी शपथ हाय. यापुढं पळलाव तर माझं मेलेलं तोंड बघाल." अर्धवट गुंगीतल्या माणसाला शपथ घालतं का कुणी? तिनं घातली. मी नुसतं हूं केलं आणि डोळे मिटले.

पळणं म्हणजे माझं काय होतं हे तिला माहीत नव्हतं असं नाही. पाटोद्याच्या शाळेत मी जन्मभर पी.टी.चा मास्तर. निवृत्त झाल्यावर लोक पारावर जाऊन बसतात, मी लांब पल्ल्याचं पळायला लागलो. सोबत माझा जुना दोस्त, मोटारसायकली दुरुस्त करणारा मेकॅनिक. दर थंडीत एका रविवारी आम्ही दोघं उजाडताच बीडच्या रस्त्याला लागायचो, पळवेल तेवढं पळायचो, आणि पाय बोलायला लागले की एसटीला हात करून परत यायचो. कंडक्टर आमचे घामेजलेले अवतार बघून म्हणायचा, "आजोबा, मागं बसा." त्या एका रविवारावर माझं सगळं वर्ष निघायचं.

दवाखान्यातून घरी आलो तर बघायला येणाऱ्यांची ही रीघ. शहाळी काय, बिस्किटाचे पुडे काय! ज्याला जिना चढताना धाप लागते तो मला सांगणार, "सर, या वयात कशाला पाहिजे होतं हे?" गुटख्याचा तोबरा भरलेला एक पाव्हणा म्हणाला, "पळल्यानंच झालं बघा." अरे, पळल्यानं नाही बाबा! डॉक्टरांनी सांगितलं होतं, दुखणं खानदानी आहे. माझे वडील आणि चुलते दोघं यातच गेले. मी पळत होतो म्हणून तर निभावलं. पण ऐकतंय कोण! बायको चहा देता देता पाव्हण्याच्या बोलण्यावर मान हलवायची. माझ्या अंगाची नुसती लाही लाही व्हायची.

काही महिन्यांनी डॉक्टरांनी छातीला तारा लावून फिरत्या पट्ट्यावर चालवलं, सगळं तपासलं आणि तिच्या देखत म्हणाले, "गोळ्या चुकवू नका. हळूहळू पळायला सुरुवात करा. पळताना बोलता आलं पाहिजे; बोलणं तुटायला लागलं की चालायचं. छातीत जरा काही वाटलं की थांबायचं आणि तडक इकडं यायचं." मला तिथंच नाचावंसं वाटलं. बाहेर येऊन रिक्षात बसता बसता ती म्हणाली, "पळा म्हणायला डॉक्टरचं काय जातंय? शपथ माझी हाय."

शपथ ज्यानं घातली त्यानंच 'सुटली' म्हणायचं असतं, तोवर ती सुटत नाही. आणि ती पाळत बसलं कोण, तर मी! वर्गात पोरांना 'शपथबिपथ काही नसतं रे' म्हणून दरडावणारा मास्तर. थोतांड आहे, असं मनाशी म्हणत बूट घालायचो, फाटकापर्यंत जायचो, आणि तिचं ते वाक्य आठवलं की परत येऊन बूट काढायचो. थोतांड असलं तरी तिच्या जिवावरचं होतं ना. मग नुसता चालायचो, तावातावानं. दोस्त एकदा शेजारनं पळत गेला आणि वळून म्हणाला, "काय बे, घोडा होतास, बैल कावून झालास?"

"शपथ हाय ना बे."

"मग भाभीला म्हण की, सोड म्हणून!"

म्हटलं नव्हतं का मी? दहादा म्हटलं होतं. ती ऐकून न ऐकल्यासारखं करायची.

यंदाच्या थंडीत तो रविवार आला. दोस्त माझ्या घरावरून एकटाच पळत गेला. नेहमी गल्ली दणाणेल अशी हाक मारणारा माणूस, मान खाली घालून गेला. मला वाईट वाटू नये म्हणून! माझं डोकंच सणकलं. तसाच आत गेलो. ती परातीत भाकरीचं पीठ मळत होती.

"शपथ सोड."

"न्हाई."

"सोड म्हणतो ना! जिता ठेवायच्या नादात मारायलीस तू मला. बसवून मारायलीस!"

तिनं पिठाचा गोळा परातीत आपटला. एवढं चिडलेलं मी तिला कधी पाहिलं नव्हतं. "बीड येईस्तोवर गाडीत तुमच्या नाकाखाली बोट धरून बसलते मी. श्वास लागतोय का न्हाई बघत. खड्डा आला की बोट हलायचं, मला वाटायचं, गेले. तुमाला त्यातलं काय आठवतंय? काय बी न्हाई! मला रोज भाकरी थापताना आठवतंय. तुमाला मरायचं भ्या न्हाई, लई मोठे तुमी! मागं तर मलाच राह्यचं हाय ना?" आणि डोळे पुसायलाही न थांबता म्हणाली, "सुटली. जावा. पळा, कुठं पळायचं ते."

मीही फणफणत बूट चढवले, नाड्या आवळल्या, फाटक उघडलं. रस्ता मोकळा होता, ऊन कोवळं होतं. आणि माझा पाय उचलेना. उजव्या हाताची बोटं आपोआप डाव्या मनगटावर गेली, नाडी बघायला. ठोका लागत होता, चांगला लागत होता, तरी पुढचा लागेल का म्हणून मी वाट बघत उभा. इतक्या महिन्यांत मला मरणाची भीती एकदाही वाटली नव्हती. वाटणार कशी? न पळायला निमित्त म्हणून तिची शपथ होती. आता ती नव्हती. रागानं माझे कान तापले, आणि या खेपेला तो ज्याच्यावर काढावा असं समोर कुणीच नव्हतं.

दारातून ती पिठाच्या हातानं ओरडली, "आता कावून थांबलाव? सुटली म्हणलं की!"

"चप्पल घाल," मी म्हणालो. "कोपऱ्यापर्यंत चल माझ्यासंगं."

"मी? कशाला?"

"भ्या वाटायलंय मला!" मी तिच्यावर ओरडलोच.